डिझाइनचं काम देण्याआधी : प्रश्न नेमका कोणता?

आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक उत्तर ठरवूनच येतात. ‘फॉर्म जरा आकर्षक करून द्या’, ‘पाटी मोठी करा’, ‘ॲपमध्ये एक बटण वाढवा’. सांगितलं तसं करून देणं आम्हाला सोपं असतं, बिलही लवकर निघतं. पण पुष्कळदा ते रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं होतं. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही जरा जास्तच चौकशा करतो.

फॉर्मचंच घ्या. लोक तो अर्धवट सोडतात, म्हणून देखणा करायचा आहे. समजा, भरणाऱ्याच्या शेजारी बसून पाहिलं, तर पहिल्या चार रकान्यांत पेन सरसर चालतं आणि पाचव्यापाशी अडतं, कारण तिथे मागितलेला नंबर घरच्या कपाटातल्या कागदावर आहे. मग रंग बदला, अक्षर बदला, पेन तिथेच अडणार. खरा प्रश्न आहे, येताना तो कागद लोकांच्या हातात कसा असेल? भेटीची वेळ कळवणाऱ्या मेसेजमध्ये एक ओळ वाढवली तरी काम भागेल. त्याही आधीचा प्रश्न, तो नंबर हवाच कशाला?

प्रश्न बदलल्याने किती फरक पडतो, याचं आमचं आवडतं उदाहरण विमानाचं आहे. निव्वळ माणसाच्या ताकदीवर उडणाऱ्या विमानासाठी 1959 साली क्रेमर पारितोषिक जाहीर झालं. अर्ध्या मैलावरच्या दोन खुणांभोवती इंग्रजी आठच्या आकारात उडून दाखवायचं होतं. अनेक चमूंनी महिनोन्‌महिने खपून नाजूक, सुबक विमानं बांधली. एखादं पडलं की दुरुस्तीत पुन्हा मोठा काळ जायचा. अमेरिकी अभियंते पॉल मॅक्रेडी यांनी वेगळाच प्रश्न धरला : मोडलं तर चटकन पुन्हा उडवता येईल असं विमान कसं बांधायचं? ॲल्युमिनियमच्या नळ्या, तारा, प्लॅस्टिकची पातळ फिल्म आणि चिकटपट्टी. चाचण्या भराभर होऊ लागल्या, चुकाही भराभर सापडू लागल्या. 23 ऑगस्ट 1977 रोजी त्यांच्या ‘गॉसमर कॉन्डॉर’ने पारितोषिक जिंकलं. पॅडल मारत होते ब्रायन ॲलन.

वापरणाऱ्याला नुसतं विचारून मात्र प्रश्न सापडेलच असं नाही. मोजमापाच्या कपाबद्दल विचारलं तर लोक सांगतात, फुटतो, निसटतो, कडी तापते. ओतल्यावर दर वेळी वाकून रेघ पाहावी लागते, हे सहसा कुणी बोलत नाही. त्याची सवयच झालेली असते. स्वयंपाकघरातली साधनं बनवणाऱ्या ‘ऑक्सो’ कंपनीच्या कपात आतल्या तिरक्या पट्टीवर आकडे आहेत, ते उभ्याउभ्या वरून वाचता येतात. ही अडचण सापडते ती माणूस ओतताना पाहिला तरच. म्हणून आम्ही तुमच्या जागेवर येऊन काही वेळ गुपचूप बसण्याची परवानगी मागतो. कृपया त्या दिवशी खास आवराआवर करू नका.

प्रत्येक कामाला हा खटाटोप लागत नाही. व्हिजिटिंग कार्डावरचा फोन नंबर बदलायचा असेल तर आम्ही तो बदलतो, तत्त्वज्ञान सांगत नाही. पण तीच तक्रार दोनदा डिझाइन बदलूनही परत येत असेल, तर प्रश्नाच्या मांडणीतच काहीतरी चुकतंय असं समजा.

पहिल्या भेटीला नमुन्याची चित्रं आणली नाहीत तरी चालेल. तक्रार मात्र ज्याने केली त्याच्याच शब्दांत लिहून आणा, आधी काय करून पाहिलं तेही सांगा. काय अजिबात बदलता येणार नाही, हे सुरुवातीलाच कळलं तर दोघांचाही वेळ वाचतो. आणि शक्य असेल तर साहेबांबरोबर रोज काउंटरवर बसणाऱ्या व्यक्तीलाही घेऊन या.