समुद्राच्या बाटलीतले कलिंगड

गेल्या महिन्यात अत्तराची एक नवी बाटली घरात आली. खोक्यावर ‘खवळलेल्या समुद्राची खारी झुळूक’ असे वर्णन होते. मनगटावर फवारा मारून अल्कोहोलचा झणका ओसरू दिला आणि हुंगून पाहिले, तर वास आला तो कलिंगडाच्या सालीला लागून असलेल्या पांढरट गराचा. खोके न दाखवता बहिणीपुढे मनगट धरले, तेव्हा तिने कोशिंबिरीला काकडी चोचवते आहेस का, असे विचारले.

यात फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. अत्तरांतला ‘समुद्र’ बहुतेक वेळा कॅलोन नावाच्या रेणूतून येतो. फायझर या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६६ साली सापडलेल्या या रेणूला ओलसर, किंचित खारट आणि स्पष्टपणे कलिंगडासारखा वास आहे. खऱ्या किनाऱ्याच्या वासात मोठा वाटा असतो तो सागरी सूक्ष्मजीव व शेवाळ यांच्यामुळे तयार होणाऱ्या डायमिथाइल सल्फाइडचा. हा गंधकयुक्त वायू थोडा असला तर समुद्राची आठवण देतो आणि जास्त झाला तर शिजत असलेल्या कोबीची. वेसाव्याच्या वाळत घातलेल्या बोंबलांचा विषय तर वेगळाच. तो वास इमानेइतबारे बाटलीत भरला, तर ती बाटली कोण विकत घेईल?

मुळात खोक्यावरचे वर्णन म्हणजे घटकांची यादी नव्हे. लिली ऑफ द व्हॅली या युरोपातल्या इवल्या पांढऱ्या घंटाफुलांचा सुगंध अत्तरांच्या जाहिरातींत सर्रास भेटतो. परंतु मोगऱ्यापासून जसा अर्क मिळतो, तसा उपयोगी अर्क या फुलांपासून काढता येत नाही. त्यामुळे हा गंध हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल, लिलिआल अशा संश्लेषित रेणूंची जुळवाजुळव करून उभा करावा लागतो. त्यांपैकी लिलिआल प्रजननसंस्थेला अपायकारक ठरल्याने युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून त्याच्यावर सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली, आणि अनेक अत्तरांना खोक्यावरचे फूल तेच ठेवून आतली जुळणी बदलावी लागली. त्याहून मजेशीर प्रकार अत्तरांच्या ‘फुजेर’ या गंधप्रकाराचा. या फ्रेंच शब्दाचा अर्थ नेचे, म्हणजे फर्न, असा आहे आणि नेच्याला सांगण्याजोगा सुगंधच नसतो. १८८२ साली उबिगाँ या फ्रेंच अत्तरगृहाने ‘फुजेर रॉयाल’मध्ये संश्लेषित कुमारिन वापरले, ज्याचा वास सुकलेल्या गवतासारखा असतो, आणि तेव्हापासून नसलेल्या गंधाला नाव मिळाले ते कायमचेच.

शब्दांचा अंमल नाकावर किती चालतो, हे रेचल हर्झ आणि युलिया फॉन क्लेफ या संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले. आयसोव्हॅलेरिक आणि ब्यूटिरिक आम्लांचे एकच मिश्रण ‘पार्मेझान चीज’ म्हणून हुंगायला दिले तेव्हा लोकांना ते बरे वाटले, आणि ‘ओकारी’ म्हणून दिले तेव्हा किळसवाणे. मात्र हा अंमल सर्वांवर आणि सर्वकाळ सारखा चालत नाही. निदान माझ्या बाबतीत खोक्यावरचा समुद्र कलिंगडापुढे टिकला नाही.

उरलेला फरक नाकातच असतो. माणसाकडे सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राही असून त्यांची जनुके व्यक्तीगणिक बरीच बदलतात. व्हायोलेट फुलांच्या अत्तरात महत्त्वाचा असलेला बीटा-आयोनोन हा रेणू याचे ठळक उदाहरण आहे. ओआर५ए१ या जनुकातील एकाच अक्षराच्या बदलाने त्याच्याविषयीची संवेदनशीलता ठरते. ज्यांना तो नीट जाणवतो, त्यांना तो फुलासारखा वाटतो; ज्यांना जाणवत नाही, त्यांना तीव्रता वाढवल्यावरही फूल भेटत नाही, तर काहीतरी आंबट, व्हिनेगरसारखे नाकाला झोंबते. म्हणजे एकाच बाटलीतून, एकाच दिवशी, एकाच खोलीतल्या दोघांना दोन वेगळे वास येतात, आणि खोक्यावर त्यांपैकी एकाचाच वास छापलेला असतो.