न जळालेलं पेट्रोल आहेच कुठे?

पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून आपल्याकडे तालुक्याच्या गावी, स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि आठवडी बाजारातही एक माल हमखास दिसतो. पेट्रोलच्या नळीवर बसवायचं चुंबक, टाकीत टाकायची गोळी, स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचायची दिवेवाली चिप, बॉनेटखाली बसवायची हायड्रोजन किट. विकणारा छातीठोकपणे सांगतो, “भाऊ, लावून त पाहा, लिटरमांगं तीन-चार किलोमीटर वाढतेच.” घेणारा असतो दारव्हा-दिग्रसकडे काळी-पिवळी चालवणारा, नाहीतर जिनिंगला कापूस नेणारा पिकअपवाला. दिवसभराच्या कमाईतला मोठा वाटा ज्याचा इंधनातच जातो, त्याला हा माल विकला जातो. म्हणूनच त्याची नीट तपासणी व्हायला हवी.

या सगळ्या वस्तूंमागचा दावा साधारण एकच असतो: इंजिनात बरंच इंधन न जळता वाया जातं आणि आमची वस्तू ते जाळून दाखवते. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, साधा हिशेब पुरतो. लिटरला 15 किलोमीटर देणारी कार घ्या. लिटरभर पेट्रोलचं वजन सुमारे 750 ग्रॅम, म्हणजे एका किलोमीटरला 50 ग्रॅम पेट्रोल लागलं. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या प्रदूषण नियमांप्रमाणे पेट्रोल कारच्या सायलेन्सरमधून किलोमीटरमागे फार तर 0.1 ग्रॅम हायड्रोकार्बन, म्हणजे न जळालेलं इंधन, बाहेर पडलेलं चालतं. पन्नासातलं 0.1, म्हणजे 0.2 टक्के. ते सगळंच्या सगळं पकडून जाळलं तरी 15 चं ॲव्हरेज 15.03 होईल. धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी हे प्रमाण जास्त असतं, अर्धवट जळून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइडही असतो. पण धडधाकट इंजिनात हा सगळा तोटा मिळून दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच राहतो. लिटरमागे चार किलोमीटर वाढवायला लागणारं ‘न जळालेलं पेट्रोल’ त्या गाडीत नसतंच.

मग पेट्रोल जातं कुठे? ते जळतं, पण त्याची बरीचशी उष्णता चाकापर्यंत पोचत नाही. शंभर रुपयांच्या पेट्रोलमधून साधारण पंचवीस-तीस रुपयांचंच काम निघतं. बाकीची उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे हवेत जाते. चुलीत लाकडाची पार राख झाली तरी निम्म्याहून जास्त धग भांड्याच्या बाजूने निघून जाते, तसंच हे. उष्णतेवर चालणारं कुठलंही यंत्र सगळ्या उष्णतेचं काम करू शकत नाही, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने 1824 मध्येच मांडलं. नळीवरच्या चुंबकाने ही मर्यादा हलत नाही.

चुंबकाचा दावा असा की पेट्रोलच्या रेणूंचे गुच्छ सुटतात आणि ते चांगले जळतात. पेट्रोल लोखंडासारखं चुंबकाकडे ओढलं जात नाही. चुंबक त्याला अगदी नगण्य जोराने दूर ढकलतं, आणि नळीतून पुढे गेल्यावर तेवढाही परिणाम उरत नाही. नागपूरला एमआरआय काढायला गेलेल्या माणसाचं शरीर 1.5 ते 3 टेस्लाच्या चुंबकात अर्धा-अर्धा तास असतं. नळीवरच्या चुंबकाच्या कितीतरी पट ताकद ही. आपल्या शरीरातली चरबीही पेट्रोलसारखीच कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्यांची बनलेली असते. तिचं तिथे काहीही होत नाही.

हायड्रोजन किट गाडीच्याच विजेने पाण्यातून वायू काढून इंजिनात सोडते. तिचा हिशेब तर थेट तोट्याचा आहे. समजा किट अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावरून, 20 अँपिअर घेते, म्हणजे सुमारे 275 वॅट वीज. ती तयार करायला इंजिनाला साधारण 2000 वॅटचं इंधन जाळावं लागतं, कारण इंजिन आणि अल्टरनेटर दोघांतही ऊर्जा गळते. बदल्यात मिळणाऱ्या वायूत ऊर्जा किती? साधारण दीडशे वॅट. ताशी 60 किलोमीटरने चाललेली कार 30 हजार वॅटच्या आसपास इंधन जाळत असते, त्यात ही भर अर्ध्या टक्क्याची. पाणी हे इंधन नाही. हायड्रोजन जळून उरलेली ती राख आहे, असं म्हटलं तरी चालेल.

आता चिप. एका मेकॅनिकच्या टेबलावर उघडलेली अशी चिप मी नीट पाहिली आहे. नखाने उचकटणारं प्लास्टिकचं कवच, आत काडेपेटीहून लहान बोर्ड, तीन रंगीत दिवे, एक बटण आणि एक साधा कंट्रोलर. त्या सॉकेटात 16 पिना असतात. त्यातल्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांवरून गाडीतले संदेश ये-जा करतात. ते वाचायला जो ट्रान्सीव्हर, म्हणजे संदेश घेणारा-पाठवणारा भाग, लागतो, तो बोर्डावर नव्हताच. बॅटरीची वीज घेऊन दिवे लुकलुकत होते, बस.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1970 च्या दशकापासून अशी शंभराहून जास्त साधनं तपासली. फारच थोड्यांनी किंचित फायदा दाखवला, आणि तसा फायदा दाखवणाऱ्यांतल्याही काहींनी धुरातलं प्रदूषण वाढवलं.

तरीही ‘माझ्या गाडीत फरक पडला’ सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यातले बहुतेक खरं बोलत असतात. वस्तू लावल्यावर माणूस ॲव्हरेजकडे लक्ष देऊ लागतो, पाय हलका पडतो, गिअर वेळेवर बदलतो. कित्येकदा त्याच दिवशी सर्व्हिसिंगही झालेली असते. शिवाय मोजमाप कच्चं असतं. 150 किलोमीटरला 10 लिटर लागले तर ॲव्हरेज 15. पुढच्या वेळी पंपावर नोझल जरा लवकर कटलं आणि 9 लिटरच बसलं, तर तेच ॲव्हरेज 16.7 दिसतं. गाडी तीच, रस्ता तोच. मोजायचंच तर टाकी फुल ते टाकी फुल असे बरेच भरणे मोजा, पंप आणि नोझल एकच ठेवा, आणि वस्तू बसवायचं-काढायचं काम चालवणाऱ्याला न सांगता दुसऱ्याने करावं. कागदावर आकडे मांडल्यावरच त्याला कधी काय लावलं होतं ते कळू द्या.

जुनं कार्ब्युरेटर किंवा काळा धूर ओकणारा ट्रॅक्टर यांची गोष्ट वेगळी. तिथे इंधन खरंच न जळता जातं. पण त्याचा इलाज इंजिनात इंधन सोडणारं नोझल तपासून घेणं आणि एअर क्लीनर साफ ठेवणं हा आहे. सोयाबीनच्या मळणीत थ्रेशर चालू असताना एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल बघता बघता चिखलासारखं होतं. ते वेळेवर बदललं तर इंजिनाचंही आयुष्य वाढतं.

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आल्यापासून ॲव्हरेज घटल्याची तक्रार आहे, आणि ती बिनबुडाची नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ती टाकीत गोळी टाकून परत येत नाही.

खरी बचत वेगात आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. समृद्धी महामार्गावर 80 ऐवजी 110 ने गेलात की हा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. त्यात वर रिकामं कॅरिअर असेल तर तो आणखी वाढतो. ट्रकच्या केबिनवर बसवतात ते वारा वळवणारं कवच मात्र हायवेवर खरोखर इंधन वाचवतं, कारण ते नेमकं याच विरोधावर काम करतं.

आणि टायर. चारही चाकांतला दाब 1 पीएसआयने उतरला की ॲव्हरेज सुमारे 0.2 टक्के घटतं. 10 पीएसआय कमी म्हणजे 2 टक्के. आपल्याकडे मे महिन्यात एक चूक सर्रास होते. 45 अंशांच्या दुपारी, गाडी चालवून आल्या आल्या दाब मोजला की तो तीन-चार पीएसआयने जास्त भरतो, आणि पंक्चरवाला ‘हवा जास्त आहे’ म्हणून ती काढून टाकतो. टायर थंड झाल्यावर दाब कमी पडलेला असतो. दाब सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी मोजा. बरोबर आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो.