समुद्राचं आम्लीकरण, तेलप्रदूषण आणि समुद्रातले सूक्ष्मजीव

हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून समुद्राचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) हळूहळू खाली येतो, त्याला आम्लीकरण म्हणतात. जहाजं, तेलविहिरी, पाइपलाइन आणि नाल्यांमधून समुद्रात तेल जातं ते तेलप्रदूषण. दोघांचा पहिला मार डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांना बसतो. समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण १० लाख बॅक्टेरिया असतात, आणि पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातलं जवळपास अर्धं काम समुद्रातले तरंगते सूक्ष्मजीव करतात, त्यामुळे हा विषय फक्त मासेमारीवाल्यांचा नाही.

जळगाव-धुळे-नंदुरबारच्या माणसाला वाटतं आपल्याकडे कुठे समुद्र, फार तर सुरतला गेलो तर डुमसच्या किनाऱ्याला एक चक्कर. पण तापी तिथेच जाते ना! मुलताईहून निघालेली ही ७२४ किलोमीटरची नदी वाघूर, गिरणा, पांझरा पोटात घेत, प्रकाशा गावावरून, उकाई धरणातून खंभातच्या आखातात उतरते, आणि भुसावळ-धुळ्याच्या गॅरेजवाल्यांनी गटारीत ओतलेल्या जळालेल्या ऑइलची वाटही हीच. सगळं पोचत नाही, बरंच गाळाला चिकटून धरणातच बसतं, तरी जगभरात समुद्रात जाणाऱ्या तेलात टँकर फुटून सांडणाऱ्यापेक्षा जमिनीवरून असं वाहत जाणारं तेल जास्त असतं, फक्त त्याची बातमी होत नाही. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्यांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला तर नदीचीही गरज नाही.

आम्लीकरणाने काय होतं

माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा समुद्र शोषतो. त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, त्यातून हायड्रोजन आयन (हायड्रोजनचे विद्युतभारित कण) सुटतात. औद्योगिक काळाआधी पृष्ठभागाचा पीएच ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ च्या आसपास आहे. ०.१ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पीएचची पट्टी लॉगरिदमची, म्हणजे एक अंक उतरला की आयन दहापट, म्हणून हायड्रोजन आयन २५-३० टक्क्यांनी वाढलेत. पाणी अजून अल्कलीच आहे, ‘समुद्राचं ॲसिड झालं’ वगैरे फॉरवर्ड सोडून द्या.

सुटे हायड्रोजन आयन चुन्यातल्या कार्बोनेटला धरून बसतात, मग एमिलियानिया हक्सलेईसारख्या चुन्याच्या चकत्या अंगावर बांधणाऱ्या एकपेशीय जिवांना चकत्या बांधणं अवघड जाऊ शकतं. याहून कमी बोललं जातं ते नायट्रोजनबद्दल. अमोनियाचं नायट्राइट-नायट्रेट करणारे बॅक्टेरिया आणि आर्किया (बॅक्टेरियांसारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) मुख्यतः अमोनिया वायूच्या रूपातला नायट्रोजन घेतात, पीएच उतरला की अमोनियाचा अमोनियम होतो आणि त्यांचं ताट रिकामं होतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पीएच कमी केल्यावर हे काम ८ ते ३८ टक्क्यांनी मंदावलेलं दिसलं. ट्रायकोडेस्मियम हा हवेतला नायट्रोजन बांधणारा जीव, जो अरबी समुद्रात उन्हाळ्यात थरच्या थर पसरतो, त्याच्याबाबत मात्र प्रयोग एकमेकांशी भांडतात, कुठे वाढला कुठे घटला, त्यात पाण्यात लोह किती हाही मुद्दा येतो.

तेल आणि तेलखाऊ

तेलाचं गणित वेगळं. ते बऱ्याच जिवांना मारतं, विशेषतः त्यातली अरोमॅटिक (कार्बनची कडी असलेली, बेंझिनच्या जातीची) रसायनं, जी ऊन लागलं की आणखी विषारी होतात. पण काही जिवांची दिवाळी होते. अल्कॅनिव्होरॅक्स हा बॅक्टेरिया स्वच्छ पाण्यात नावापुरता असतो, तेल आलं की तोच तो. सायक्लोक्लास्टिकस हा दुसरा बॅक्टेरिया अरोमॅटिक भाग पचवतो. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेल-रिगची विहीर ८७ दिवस वाहत होती, तेव्हा १,१०० मीटर खोलीवरच्या थंड पाण्यातही तेलखाऊ बॅक्टेरियांचा आधी एक गट, मग दुसरा, अशी पाळी लागली होती.

म्हणून ‘बॅक्टेरिया सोडा, तेल साफ’ असं लोक समजतात, ते तितकं सोपं नाही. तेलात कार्बन भरपूर, नायट्रोजन-फॉस्फरस जवळजवळ शून्य, आणि बॅक्टेरियांना वाढायला तेही लागतात. कपाशीच्या पऱ्हाट्या कुजवताना आपण वर युरिया मारतो, अगदी तेच कारण. १९८९ च्या एक्सॉन व्हाल्डेझ टँकरच्या गळतीनंतर अलास्काच्या किनाऱ्यावर खरंच खत टाकलं होतं. भारतीय-अमेरिकी शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्तींनी प्रयोगशाळेत घडवलेला स्यूडोमोनास हा तेलखाऊ बॅक्टेरिया तर जिवंत जीवावरच्या पेटंटमुळे गाजला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये निकाल दिला, पण समुद्रात तो कधी वापरलाच गेला नाही. उलट गॅरेजमागची काळी माती बुशनेल-हास मीडियममध्ये (क्षार असलेलं, पण कार्बन नसलेलं द्रावण) टाकून शेकरवर ठेवली तर तेल खाणारे जीव सहसा सापडतातच, मायक्रोबायोलॉजीच्या पोरांसाठी सोपं प्रोजेक्ट.

आम्लीकरण आणि तेल एकत्र आले की गुंता वाढतो. तेल खाताना बॅक्टेरिया ऑक्सिजन संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणजे त्या जागचा पीएच अजून खाली. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन आधीच नावालाच आहे, आणि ऑक्सिजनशिवाय तेल फार सावकाश मोडतं.

बॅक्टेरियांना न पचलेला जड डांबरी भाग उरतो, त्याचे गोळे पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या वाऱ्याने दक्षिण गुजरात, मुंबई, गोव्याच्या किनाऱ्याला लागतात. हे गोळे निर्जीव नसतात. मेक्सिकोच्या आखातातल्या अशा गोळ्यांवर व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जखमेतून शिरणारा रोगजंतू आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जास्त सापडला होता, तेव्हा डुमसला पायाला डांबर लागलं आणि पायाला चीर असेल तर आधी गोडं तेल लावून ते डांबर काढा आणि साबणाने पाय धुवा.