‘रेड रिव्हर’चा शेवट : भांडणाची पार्श्वभूमी

‘रेड रिव्हर’ हा टेक्सासातून उत्तरेला गुरे हाकत नेण्यावरचा 1948 चा अमेरिकन चित्रपट पाहिलेल्या माणसांचे पहिल्या दोन तासांबद्दल सहसा एकमत असते. पहाटे निघायला सज्ज झालेला कळप, एकेका चेहऱ्यावरून संथ फिरणारा कॅमेरा, मग एकापाठोपाठ एक उठणाऱ्या आरोळ्या. साखर चोरायला गेलेल्या गड्याच्या हातून भांडी पडतात आणि रात्रीत उधळलेली गुरे. दिवसागणिक खुनशी होत जाणारा कळपाचा मालक, जॉन वेनचा डन्सन. याबद्दल तक्रार करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. भांडण आहे ते शेवटच्या पाच मिनिटांचे. डन्सनने पोरासारखा वाढवलेला मॅट कळप त्याच्याकडून हिसकावून पुढे नेतो; ‘तुला ठार मारीन’ म्हणून शेकडो मैल त्याचा पाठलाग करणारा डन्सन समोर येतो, गोळ्या झाडतो, गुद्दागुद्दी होते, एक बाई मध्ये पडून दोघांनाही झापते आणि प्रकरण मिटते. कुणाला ही निव्वळ फसवणूक वाटते, तर कुणी म्हणते, चित्रपट याचसाठी काढला.

आधी इतिहासाचे थोडक्यात, कारण त्यावरूनही अधूनमधून चकमकी होतात. यादवी युद्धानंतर टेक्सासात गुरे उदंड आणि गिऱ्हाईक नाही अशी गत होती. तिथे चार डॉलरला मिळणारे जनावर उत्तरेच्या बाजारात चाळीसला जाई, म्हणून कळप रेल्वेपर्यंत चालवत न्यायचे. चित्रपटात हे 1865 साली घडते आणि कॅन्ससमधल्या ॲबिलीनला आगगाडी उभी असते. प्रत्यक्षात ती तिथे 1867 मध्ये पोचली. चित्रपटातला कळप दहा हजारांच्या घरातला आहे. खरे कळप साधारण दोन-तीन हजारांचे असत आणि दिवसाला दहा-पंधरा मैल चालत. ज्याच्या नावाने कळपांची ती वाट ‘चिझम ट्रेल’ म्हणून ओळखली जाते तो चिझम तर गुरे हाकणारा नव्हताच, मालाच्या गाड्या नेणारा, चेरोकी आईचा आणि स्कॉटिश बापाचा व्यापारी होता. या चुका काही प्रेक्षक फार आवेशाने मोजून दाखवतात. मला त्यात राम वाटत नाही. दोन वर्षांच्या फरकाने डन्सन बरा किंवा वाईट ठरत नाही.

खरा गुंता 1946 ते 1948 या दोन वर्षांत झाला. चित्रीकरण 1946 मध्ये ॲरिझोनात झाले. मूळ कथा एका अमेरिकन साप्ताहिकात क्रमशः छापली गेली. त्या कथेत डन्सन मरतो. तो आधीच जखमी असतो, मॅट त्याच्यावर पिस्तूल उचलत नाही, आणि मरणपंथाला लागलेल्या त्या म्हाताऱ्याला गाडीतून नदीपलीकडे, त्याच्या टेक्सासात आणले जाते. नदीचे नाव शीर्षकात का, हे तिथे आपोआप कळते. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने हा शेवट उलटवला. त्याची भूमिका साधी होती : प्रेक्षकाचा ज्यांच्यावर जीव बसला आहे, त्यांना काही कारण नसताना मारायचे कशाला? मूळ कथाकार पटकथेतही सहलेखक होता. त्याला हा बदल रुचला नाही, आणि ते त्याने लपवलेही नाही. आज ‘शेवट गुळमट आहे’ म्हणणारे प्रेक्षक त्याचीच तक्रार पुढे चालवत आहेत. बहुतेकांना ते ठाऊक नसते, एवढेच.

इथवर सरळ आहे. पुढे ‘मूळ आवृत्ती’ हा शब्द येतो आणि घोळ होतो.

आधी तयार झालेली प्रत 133 मिनिटांची. तिच्यात एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात जाताना पडद्यावर हस्तलिखित वहीची पाने येतात आणि प्रेक्षकाने ती वाचायची. ही पाने वाचताना लोक कंटाळतात, अक्षर नीट लागत नाही, गती मोडते, असे वाटून वही काढून टाकली गेली. तिच्या जागी डन्सनचा जुना सोबती, आचारी ग्रूट, याच्या आवाजात निवेदन आले. ही प्रत 127 मिनिटांची, आणि 1948 मध्ये चित्रपटगृहांत लागली ती ही. मग मूळ कोणती? आधी झाली ती, की लोकांपुढे आली ती? पुढे अनेक वर्षे टीव्ही वाहिन्यांवर आणि व्हिडिओ कॅसेटवर वहीची लांब प्रतच फिरत राहिली. लांब म्हणजे अस्सल, दिग्दर्शकाच्या मनातली, असा समज त्यातून घट्ट झाला. प्रत्यक्षात हॉक्सची पसंती निवेदनाच्या छोट्या प्रतीला होती. मीही हा चित्रपट पहिल्यांदा कॅसेटवर, वहीसकट पाहिला आणि कित्येक वर्षे तोच खरा मानून लोकांशी हुज्जत घातली.

आता वादाचा मुद्दा. या दोन प्रतींत फरक फक्त वहीचा नाही. प्रदर्शन तोंडावर आले असताना दुसऱ्या एका धनाढ्य निर्मात्याने हरकत घेतली, की समोरचा पिस्तूल काढत नाही म्हणून त्याच्या अवतीभवती गोळ्या झाडायच्या, हा प्रसंग माझ्या चित्रपटातून उचलला आहे. हॉक्सने त्याच्याही चित्रपटावर सुरुवातीला काम केले होते आणि मग तो बाहेर पडला होता, त्यामुळे हरकतीला जुन्या रागाची फोडणी होती. कोर्टकचेरीची वेळ येऊ नये म्हणून शेवटची चकमक कापण्यात आली. म्हणजे चित्रपटगृहात लागलेल्या प्रतीत डन्सनचे मॅटला डिवचणे आणि गोळ्यांचा तो प्रसंग आखडता आहे; लांब प्रतीत तो पुरता आहे. कळपातून वाट काढत येणारा, वाटेत आडवा येणाऱ्या चेरी या पिस्तूलबाज गड्याला चालता चालता गोळी घालून पुढे निघणारा डन्सन दोन्हीकडे आहे. पण त्यानंतर तो किती वेळ आपल्याला खरोखर धास्तावतो, ते प्रतीवर अवलंबून. ‘राग एकदम विरतो’ म्हणणारा आणि ‘कुठे एकदम?’ विचारणारा, हे दोघे कैकदा वेगवेगळे चित्रपट पाहून आलेले असतात. बाईचे झापणे मात्र दोन्ही प्रतींत आहे, तेव्हा सगळेच भांडण कात्रीवर ढकलता येत नाही.

माझा कौल शेवटाच्या बाजूने आहे, तो एका खुणेसाठी. सुरुवातीला, 1851 मध्ये, डन्सन आपल्या गुरांवर उठवायचा डाग ठरवतो : नदीच्या दोन नागमोडी रेघा आणि ‘डी’. पोरगा मॅट लगेच विचारतो, यात ‘एम’ कुठे आहे? कमावशील तेव्हा घालीन, हे उत्तर. अगदी शेवटी, मार खाऊन धुळीत बसलेला डन्सन बोटाने जमिनीवर तोच डाग काढतो आणि नदीच्या दुसऱ्या बाजूला ‘एम’ ओढतो. ज्या कथेत हे अक्षर पहिल्या काही मिनिटांत उधार ठेवले आहे, तिथे डन्सनला मारून ते कोण काढणार होते? फसवणूक म्हणणाऱ्यांनी ती धूळ पुन्हा एकदा पाहावी.

तक्रारींतली एक मात्र मी मान्य करतो. चेरी व्हॅलन्स आणि मॅट एकमेकांची पिस्तुले हातात घेऊन निरखतात, डबा उडवून नेम दाखवतात, आणि या दोघांची एक दिवस जुंपणार असे आपल्याला जवळजवळ वचन दिले जाते. ती जुंपत नाहीच. हाच प्रसंग पुढे वेगळ्याच कारणाने गाजला. हॉलिवूडमधल्या समलैंगिक सूचकतेवरच्या 1995 च्या एका माहितीपटात तो आला, आणि तेव्हापासून तरुण प्रेक्षक त्याकडे बघून हसतात किंवा भुवया उंचावतात. आणखी अलीकडे बोलले जाते ते जमिनीबद्दल. डन्सन रिओ ग्रान्दे नदीच्या उत्तरेची जमीन आपली म्हणतो, मेक्सिकन मालकाच्या माणसाला गोळी घालतो, वर बायबल वाचून पुरतो. आधीच्या पिढ्यांच्या लिखाणात हे ओझरते येई. आता पुष्कळांना डन्सनबद्दलची घृणा तिथेच सुरू होते आणि मग शेवटची माफी आणखीच पचत नाही.

1990 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत हा चित्रपट दाखल झाला. 2014 मध्ये दोन्ही प्रती एकाच संचात निघाल्या, तेव्हा कुठे शेजारी शेजारी ठेवून पाहता येऊ लागले. तरी वाद घालण्याआधी आपण कोणती पाहिली हे विचारायची पद्धत काही पडलेली नाही. ओळखायला सोपे आहे. पडद्यावर वहीची पाने आली तर ती 133 मिनिटांची. त्याऐवजी जुगारात कवळी हरून बसलेल्या आणि जेवणापुरती ती परत मिळवणाऱ्या ग्रूटचा आवाज गोष्ट सांगू लागला, तर ती 127 मिनिटांची, आखडत्या चकमकीची.