नॅनोवाहक, प्रतिसादी (संयुक्त कर्करोगोपचारातील)

कर्करोगावरील दोन किंवा अधिक औषधे एकत्र वाहून नेणारे आणि ती ठरावीक परिस्थितीतच सोडणारे अतिसूक्ष्म कण. व्यास साधारणपणे १० ते २०० नॅनोमीटर. लायपोसोम (मेद रेणूंच्या पडद्याची पोकळ पुटिका, म्हणजे सूक्ष्म पिशवी), बहुवारिकांचे (पॉलिमरचे) मायसेल (रेणूंचे गोल पुंजके), डेंड्रिमर (झाडासारखे फांद्या फुटलेले रेणू) आणि सच्छिद्र सिलिकाचे कण हे यातील परिचित प्रकार. ‘स्मार्ट’ हे विशेषण हल्ली सरसकट लावले जाते. काटेकोरपणे ते आम्लता, उष्णता, एंझाइम, प्रकाश यांसारख्या चेतकाला प्रतिसाद देणाऱ्या वाहकांपुरतेच ठेवणे योग्य. रक्ताचे पीएच मूल्य (कमी आकडा म्हणजे अधिक आम्लता) ७.४ च्या आसपास असते, घन अर्बुदाभोवती (कर्करोगाच्या गाठीभोवती) ते बहुधा ६.५ ते ६.९ पर्यंत उतरते, तर पेशीतील एंडोसोममध्ये (बाहेरून आत घेतलेले पदार्थ साठवणाऱ्या पुटिकेत) आणखी खाली जाते. हायड्रॅझोन हा रासायनिक बंध अशा आम्लात तुटतो आणि त्याला बांधलेले औषध मोकळे होते. डायसल्फाइड बंध पेशीतील ग्लुटाथायोन या क्षपणकारक रेणूमुळे तुटतो.

कल्पनेचा उगम पुष्कळदा जर्मन वैद्यकसंशोधक पाउल एर्लिख यांच्या ‘जादूच्या गोळी’त शोधला जातो, पण एर्लिख यांच्या मनात वाहक नव्हता, रोगजंतूलाच नेमके चिकटणारे रसायन होते. प्रत्यक्ष वाहकाचा इतिहास १९६० च्या दशकात ॲलेक बँगहॅम यांनी केंब्रिजजवळील बाब्रहॅम येथे केलेल्या लायपोसोमच्या अभ्यासापासून धरणे अधिक सयुक्तिक. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरील औषधाचे लायपोसोम (डॉक्सिल) अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झाले. अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा कण कॉफीच्या बीसारखा दिसतो: गोल पुटिका आणि तिच्या पोटात औषधाचा लांबट स्फटिक. मात्र यात औषध एकच असते.

वाहक अर्बुदात शिरतो कसा, हा वादाचा मुद्दा आहे. १९८६ मध्ये मात्सुमुरा व माएदा या जपानी संशोधकांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार अर्बुदाच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात व लसीकावाहिन्यांकडून (ऊतींतील जादा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांकडून) निचरा नीट होत नाही, त्यामुळे मोठे रेणू तेथे साचतात. पुढची दोन-तीन दशके बहुतेक रचना याच गृहीतावर उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतील प्रयोगांचे विश्लेषण केले, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी अर्बुदात पोहोचणाऱ्या हिश्श्याचा मध्यक (मीडियन) ०.७ टक्के निघाला. त्याच गटाने २०२० मध्ये दाखवले, की बहुतेक कण फटींतून न जाता रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींतून सक्रिय मार्गाने जातात. हे प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे असून ०.७ या आकड्याच्या गणनपद्धतीवरही आक्षेप आहेत. तरी गळक्या वाहिन्यांची उपपत्ती सर्व अर्बुदांना सारखी लागू धरता येत नाही, हे आता बहुतेक मान्य करतात.

संयुक्त उपचाराचे सर्वांत भक्कम उदाहरण या वादाच्या बाहेरचे आहे, कारण तो रोग घन अर्बुदाचा नाही. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात सात दिवस सायटाराबिन व तीन दिवस डॉनोरुबिसिन ही जुनी ‘सात अधिक तीन’ पद्धत. पण सलाइनमधून सोडलेली दोन औषधे शरीरातून वेगवेगळ्या वेगाने बाहेर पडतात आणि ठरवलेले प्रमाण टिकत नाही. सीपीएक्स-३५१ (व्हिक्सिऑस) या सुमारे १०० नॅनोमीटरच्या लायपोसोममध्ये ही औषधे ५:१ या रेण्वीय प्रमाणात कोंडलेली असतात. हे प्रमाण प्रयोगशाळेत पेशींवर पारखून निवडलेले आहे. आत डॉनोरुबिसिन तांब्याशी बांधलेले असल्याने कुपीतली चकती जांभळी दिसते, आणि त्याच तांब्यामुळे विल्सन विकाराच्या (शरीरात तांबे साचण्याच्या आनुवंशिक विकाराच्या) रुग्णाबाबत सावधगिरी लागते. ६० ते ७५ वर्षांच्या ३०९ रुग्णांवरील चाचणीत जीवितकालाचा मध्यक जुन्या पद्धतीच्या ५.९५ महिन्यांवरून ९.५६ महिन्यांवर गेला. अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. वर दिलेल्या काटेकोर अर्थाने मात्र हे वाहक ‘स्मार्ट’ नाही: ते चेतकाला प्रतिसाद देत नाही, प्रमाण सांभाळते.

चेतकप्रतिसादी वाहकांचे यश बरेचसे प्रयोगशाळेपुरते राहिले आहे. उष्णतेने फुटणारे डॉक्सोरुबिसिन लायपोसोम (थर्मोडॉक्स) यकृताच्या कर्करोगात रेडिओलहरींनी गाठ जाळण्याच्या उपचारासोबत वापरून पाहिले गेले, पण २०१३ मध्ये त्याची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी उद्दिष्ट गाठू शकली नाही. भारतात एकाच औषधाची लायपोसोम बनतात. डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा २०१२ मध्ये अमेरिकेने सन फार्मा या भारतीय कंपनीच्या ‘लिपोडॉक्स’ला तात्पुरत्या आयातीची मुभा दिली होती.