पार्श्वभूमी : झोपेसाठी विकतचा पाऊस

गोव्यात जूनमध्ये पाऊस धरला की सप्टेंबरअखेरपर्यंत साधारण ३००० मिलिमीटर कोसळतो. कौलारू घरात या दिवसांत झोप येण्यासाठी वेगळे काही करावे लागत नसे. जाग यायची ती सर एकदम थांबली की. आज पर्वरी-मडगावच्या फ्लॅटमध्ये बाहेर खरा पाऊस पडत असताना उशाशी मोबाइलवर ‘पावसाचा आवाज, आठ तास’ लावून झोपणारी माणसे भेटतात. हसू येते, पण त्यात वेडेपणा नाही. स्लॅबखाली पाऊस ऐकूच येत नाही, शेजारच्याचा टीव्ही मात्र येतो.

छपराचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि ती चपटी लाल कौले हळूहळू सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याआधी आपल्याकडे नळीची कौले असत, गरिबाघरी झावळ्यांचे छप्पर. कौलांवर हजारो थेंब एकाच वेळी पडतात, त्यामुळे कुठलाच थेंब सुटा ऐकू येत नाही. सलग सरसर तेवढी उरते आणि वळचणीच्या पागोळ्या तिला खालून साथ देतात. काँक्रिटने हे सगळे बंद केले. पुढे स्लॅब गळू लागला की लोक गच्चीवर पत्र्याची शेड घालतात. मग आवाज परत येतो, पण तो ताशा बडवल्यासारखा, आणि त्यात झोप लागणे कठीण.

पडत्या पाण्याच्या आवाजाने झोप आणण्याची युक्ती युरोपातल्या वैद्यकातही जुनी आहे. अफोंसो दे आल्बुकर्कने गोवा घेतला त्या १५१० सालाच्या आसपास जन्मलेला फ्रेंच शल्यवैद्य आंब्रोआज पारे याने झोप न येणाऱ्या रुग्णांसाठी नकली पाऊस सुचवला होता. उंचावरून मोठ्या कढईत पाण्याची धार सोडायची आणि तिचा आवाज रोग्याच्या कानी पडू द्यायचा.

विजेच्या युगातला ‘व्हाइट नॉइज’, म्हणजे सलग एकसारखी खरखर, मात्र झोपेच्या शोधात सापडलेला नाही. तो तर नकोसा होता. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दाखवून दिले की कोणत्याही विद्युतवाहकात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सतत हलत असतात आणि त्यातून एक खरखर निर्माण होते. ती पूर्णपणे घालवता येत नाही. तिच्यात खर्जापासून तारस्वरापर्यंत सगळ्या वारंवारतांची शक्ती सारखी वाटलेली असते. स्टेशन न लागलेल्या रेडिओची सूं-सूं बरीचशी याच जातीची. त्याच प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर एक आवाज दुसऱ्याला कसा झाकतो याचा अभ्यास करत होते. १९४० मध्ये त्यांनी मांडले की कान आवाजाचे अरुंद पट्टे पाडून ऐकतो आणि एखादा सूर झाकायचा तर खरखरीतला त्याच पट्ट्यातला भागच कामाला येतो. हा मुद्दा गोव्याच्या किनारपट्टीला फार लागू आहे; तिकडे पुढे येऊ.

मधे एक गमतीचे प्रकरण होऊन गेले. १९६० मध्ये बॉस्टनचे दंतवैद्य वॉलेस गार्डनर आणि मानसशास्त्रज्ञ जे. सी. आर. लिकलायडर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले की रुग्णाच्या कानाला हेडफोन लावून संगीत आणि खरखर ऐकवली, आवाज कमी-जास्त करण्याचे बटण त्याच्याच हातात दिले, की दाताचे काम पुष्कळदा भुलीशिवाय होते. थोडी वर्षे ही टूम चालली, मग मागे पडली. लिकलायडर पुढे संगणकांचे जाळे विणण्याच्या कल्पनेचे एक जनक म्हणून ओळखले गेले. त्यांचा हा दाताचा उद्योग फारसा कोणाला ठाऊक नसतो.

झोपेसाठीचे पहिले यशस्वी घरगुती यंत्र १९६२ चे. जिम बकवॉल्टर हे फिरते विक्रेते पत्नीसह एका मोटेलमध्ये उतरले होते. खोलीतला एसी बिघडलेला. गारव्यापेक्षा त्याच्या घरघरीवाचून दोघांना झोप येईना, तेव्हा पत्नीनेच सुचवले, नुसता आवाज करणारे यंत्र का करत नाहीस? पहिल्या नमुन्यात लहान मोटर, पंख्याची पाती आणि वरून पालथे घातलेले कुत्र्याच्या जेवणाचे भांडे होते, असे सांगतात. विकायला काढलेल्या यंत्रात भोके असलेल्या टोपणाखाली पंखा फिरे आणि टोपण फिरवले की आवाजाचा पोत बदले. त्यात ध्वनिमुद्रण नव्हते, आवाज वाऱ्याचाच. सीलिंग फॅन आमच्या घरात वर्षभर हेच काम फुकट करतो. डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली तरी पांघरूण ओढून पंखा एकवर चालू ठेवणारी माणसे ज्याच्या घरात नाहीत, असा गोंयकार विरळाच.

१९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या अर्व्ह टायबेल यांनी समुद्राच्या लाटांची तबकडी काढली. खऱ्या किनाऱ्यावरचे ध्वनिमुद्रण त्यांना पुरेसे समुद्रासारखे वाटेना, म्हणून त्यांनी ते संगणकातून फिरवून घेतले! पुढे कॅसेट, सीडी, मग अ‍ॅप. त्यानंतर बाजार तान्ह्या बाळांकडे वळला. १९९० मध्ये लंडनमध्ये झालेल्या एका प्रयोगात ४० नवजात बाळे होती. व्हाइट नॉइज ऐकवलेल्या २० पैकी १६ बाळे पाच मिनिटांत झोपली, न ऐकवलेल्या २० पैकी ५. एवढ्याशा प्रयोगावर केवढी दुकानदारी उभी राहिली! त्याची दुसरी बाजू २०१४ मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आली. बाळांसाठी विकली जाणारी १४ यंत्रे पूर्ण आवाजावर लावून तपासली, तेव्हा एक मीटरवरूनही सगळ्यांचा आवाज ५० डेसिबलच्या वर गेला. ही रुग्णालयांतल्या नवजात कक्षांसाठी सुचवलेली मर्यादा. तीन यंत्रे तर ३० सेंटिमीटरवरून ८५ च्या पुढे गेली. पाळण्याच्या कडेला यंत्र बांधू नये, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावे, आवाज कमीत कमी असावा, हे सांगण्याचे कारण तेच.

मोठ्यांना याचा उपयोग होतो का? २००५ च्या एका अभ्यासात मोजक्या निरोगी माणसांना अतिदक्षता विभागातले मुद्रित आवाज ऐकवून झोपवले. एरवी त्यांची झोप तासाला सुमारे १३ वेळा चाळवत होती. त्या आवाजांनी हा आकडा ४८ वर गेला आणि सोबत व्हाइट नॉइज लावल्यावर १६ पर्यंत उतरला. संशोधकांच्या मते मोठा आवाज किती मोठा होता याला फारसे महत्त्व नव्हते. आधीच्या शांततेपेक्षा तो किती वर उडाला, यावर झोप चाळवणे ठरत होते. खरखर हा मधला फरक बुजवते. मात्र २०२१ मध्ये ३८ अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांनी पुराव्याचा दर्जा फारच कमी असल्याचे म्हटले. माझे मत विचाराल तर झाकण्यासारखा आवाज असेल तिथे हा उपाय करून पाहावा. गाव आधीच शांत असेल तर मुद्दाम आवाज आणून ठेवण्यात अर्थ नाही.

आणि किनारपट्टीवर झाकायचे काय असते? हणजूण-वागातोरच्या बाजूची रात्रीची पार्टी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. लाउडस्पीकर त्या वेळेत उघड्यावर चालत नाहीत, राज्य सरकारने वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणासमारंभासाठी मध्यरात्रीपर्यंत सूट दिली तर गोष्ट वेगळी. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे यावरून याचिका झाल्या आहेत.

तक्रारदार सांगतात, गाणे ऐकू येत नाही, धडधड येते. हा ट्रान्सचा, म्हणजे पार्टीत वाजणाऱ्या नाचाच्या संगीताचा, खर्ज ५० हर्ट्झच्या आसपासचा. चिऱ्याच्या भिंतीतून तो जातो, वरचे सूर अडतात. फ्लेचरच्या नियमाने तो झाकायला तेवढाच खर्ज हवा आणि मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून तो निघतच नाही. ‘ब्राउन नॉइज’मध्ये खर्ज जास्त असतो म्हणून लोक तो शोधून लावतात, पण फोनमधून बाहेर येतो तो त्याचा वरचा चोथा. मोठा स्पीकर लावला तर आपल्याच घरात दुसरी पार्टी.

नियमांतली मर्यादाही ज्या ‘ए’ मापात मोजली जाते, ते माप माणसाच्या कानाला हलक्या आवाजात खर्ज कमी ऐकू येतो या आधारावर बेतलेले आहे. ५० हर्ट्झला ते ३० डेसिबल वजा करते. त्यामुळे खिडकीची तावदाने थरथरत असताना निरीक्षकाच्या मीटरवर आकडा मर्यादेत दिसू शकतो.