वनस्पतींवरील छायाचित्रण

झाडाचे पान, नुकतेच उगवलेले गवत, फळाची साल किंवा फुलापानांचा रस यांवर केवळ प्रकाशाच्या साहाय्याने छायाचित्र उमटवण्याच्या निरनिराळ्या पद्धतींना मिळून वनस्पतींवरील छायाचित्रण म्हणता येते. या पद्धतींत नेहमीच्या फिल्मवर असणारे चांदीचे क्षार, शाई किंवा छपाईचे यंत्र लागत नाही. चित्रातील फिकट-गडद छटा वनस्पतीतील रंगद्रव्यांवर उन्हाचा किंवा प्रक्षेपकाच्या प्रकाशाचा परिणाम होऊन तयार होतात. हे प्रयोग एकोणिसाव्या शतकापासून चालू असले, तरी त्यांना स्वतंत्र कलामाध्यमाचे स्थान मिळाले ते 1990 नंतर, आणि त्याचे श्रेय मुख्यतः ब्रिटनमधील हेदर अ‍ॅक्रॉइड व डॅन हार्वी ही जोडी आणि व्हिएतनामी-अमेरिकन छायाचित्रकार बिन्ह डान यांच्याकडे जाते. समकालीन कलेत साखरेपासून भंगारापर्यंत असंख्य वस्तू साहित्य म्हणून वापरल्या जातात. परंतु तेथे कलावंत साहित्याला आकार देतो, तर येथे साहित्य स्वतःच्या जीवनक्रियेने चित्र घडवते आणि त्याच क्रियेने पुढे ते पुसूनही टाकते. या माध्यमाचे खरे वेगळेपण या दुहेरी व्यवहारात आहे.

या पद्धतींचा पाया हरितद्रव्याच्या दोन परस्परविरुद्ध वर्तनांवर उभा आहे. अंकुरणाऱ्या गवतात किंवा धान्यात हरितद्रव्य तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्यातील एक पायरी प्रकाशाशिवाय पूर्ण होत नाही. म्हणून अंधारात उगवलेले अंकुर उंच, नाजूक आणि पिवळे राहतात. महाराष्ट्रात हे दृश्य घरोघरी परिचित आहे. घटस्थापनेला देवघरात पत्रावळीवरच्या मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढते, पण देवघराच्या कोपऱ्यात ऊन पोचत नसल्याने दसऱ्याला टोपीत किंवा केसांत खोवण्यासाठी काढलेले तुरे पिवळेधमक असतात. त्यांतही खिडकीकडच्या बाजूचे अंकुर पुष्कळदा किंचित हिरवे दिसतात. याउलट, तोडलेल्या पानावर कडक ऊन सतत पडत राहिले, तर त्यातील हरितद्रव्य विघटित होऊन पान फिके पडते. जिवंत पान ही झीज सतत भरून काढते, पण देठापासून तुटलेल्या पानाची ती शक्ती हळूहळू संपते. थोडक्यात, अंकुराला प्रकाश हिरवे करतो आणि तुटलेल्या पानाला पांढुरके. त्यामुळे गवतावर चित्र काढताना निगेटिव्ह (उजेड-अंधार उलटा दाखवणारी फिल्म) वापरावी लागते आणि पानावर काढताना पॉझिटिव्ह (उजेड-अंधार मुळाप्रमाणे दाखवणारी फिल्म).

अ‍ॅक्रॉइड आणि हार्वी 1990 पासून एकत्र काम करीत आहेत. त्याच वर्षी इटलीत त्यांनी एका भिंतीवर गवत उगवले होते, आणि त्या भिंतीला टेकून ठेवलेली शिडी हलवल्यावर तिच्या मागच्या गवतावर शिडीचा फिकट पिवळा ठसा राहिलेला त्यांना दिसला. गवत प्रकाशाची नोंद करते हे त्या ठशाने दाखवले, आणि तेथून पुढे त्यांनी छायाचित्राच्या सर्व छटा गवतात उतरवण्याचे तंत्र विकसित केले. उभ्या कापडी पृष्ठभागावर चिकणमातीचा थर देऊन त्यावर राय जातीच्या गवताचे मोड आलेले बी दाटीने चिकटवले जाते. पूर्ण अंधार केलेल्या खोलीत हा पट उभा करून त्यावर प्रक्षेपकातून निगेटिव्ह टाकली जाते आणि पटावर नियमित पाणी शिंपडले जाते. आठ-दहा दिवसांत पाती वाढतात. जेथे भरपूर प्रकाश पडला तेथे ती गडद हिरवी होतात, जेथे कमी पडला तेथे पोपटी, आणि जेथे जवळजवळ पडलाच नाही तेथे पिवळी राहतात. निगेटिव्हमधील उजळ भाग म्हणजे मूळ चेहऱ्यावरील काळोखे भाग असल्यामुळे केस, भुवया, डोळ्यांच्या बाहुल्या हिरव्या उमटतात आणि कपाळ-गाल पिवळसर. दुरून पाहताना माणसाचे सुस्पष्ट, पुरुषभर उंचीचे किंवा त्याहून मोठे चित्र दिसते. जवळ गेल्यावर मात्र चेहरा विरून जातो आणि समोर फक्त ओल्या मातीचा वास असलेले दाट गवत उरते. प्रत्येक पाते येथे जुन्या फिल्मवरील चांदीच्या कणाचे काम करते, आणि पाती बारीक व दाट असल्यामुळेच त्वचेवरील सुरकुतीइतका तपशील या चित्रांत मिळू शकतो.

हे चित्र ताजे असताना सर्वांत सुंदर असते, आणि टिकण्याचा प्रश्नही तेथूनच सुरू होतो. प्रदर्शनाच्या साध्या उजेडात पिवळी पाती हिरवी होऊ लागतात, तर पट वाळवल्यास हिरवी पाती सुकून पिवळी पडतात. दोन्ही वाटांनी चित्र नाहीसे होते. या अडचणीवर वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथील गवत-संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने एक उपाय निघाला. फेस्क्यू या कुरणी गवताचा एक नैसर्गिक प्रकार वाळल्यानंतरही हिरवा राहतो, कारण त्याच्यात हरितद्रव्य मोडून टाकणाऱ्या साखळीतील एक दुवा काम करीत नाही. संकराने हा गुण राय गवतात आणला गेला, आणि त्या वाणावर उगवलेली चित्रे वाळवून बराच अधिक काळ जपता येऊ लागली. कलेच्या गरजेची आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रश्नाची इतकी नेमकी गाठ क्वचितच पडते. पुढे 2007 मध्ये असे सिद्ध झाले, की आनुवंशिकतेचे नियम मांडणारे ग्रेगोर मेंडेल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाटाण्याच्या प्रयोगांतील पिवळ्या व हिरव्या दाण्यांमागे या दुव्याशी संबंधित जनुकच आहे. मेंडेल यांचा हिरवा दाणा आणि दालनात वाळूनही हिरवा राहणारा चेहरा यांचे रहस्य एकच आहे. तरीही हा उपाय कायमचा नाही. अशी चित्रे मंद उजेडात ठेवावी लागतात आणि तीही वर्षांनुवर्षे फिकट होत जातात. याच जोडीने 2003 मध्ये लंडनमधील डिल्स्टन ग्रोव्ह या वापरात नसलेल्या चर्चच्या आतील भिंती आणि 2007 मध्ये नॅशनल थिएटरच्या इमारतीचा उंच मनोरा गवताने झाकला होता. ती कामे छायाचित्रे नव्हती, पण उभ्या भिंतीवर गवत जगवण्याचे कौशल्य तेच होते.

पानावरील छायाचित्रणाची कृती त्या मानाने साधी आहे. रुंद, पातळ आणि रसरशीत पान निवडून ते मऊ कापडाच्या किंवा फळीच्या आधारावर पसरतात, त्यावर पारदर्शक फिल्मवर छापलेली पॉझिटिव्ह ठेवतात, वर काच दाबून बसवतात आणि हे सर्व उन्हात ठेवतात. फिल्मच्या काळ्या भागाखालील पान हिरवे राहते आणि पारदर्शक भागाखालचे ऊन लागून फिके पडते. पानाची जात, ऋतू आणि ढग यांवर अवलंबून यास काही तासांपासून काही आठवडे लागू शकतात. पान मध्येच सुकले किंवा काचेखाली वाफ धरून कुजले, तर श्रम वाया जातात; म्हणून देठाला पाण्याची लहानशी पिशवी बांधण्याची युक्ती बिन्ह डान वापरतात. छटांचा पल्ला मर्यादित असल्याने मूळ चित्रातील उजेड-अंधाराचा भेद मुद्दाम वाढवून घ्यावा लागतो. पानाच्या शिरा चित्रातून आरपार जातात आणि त्या लपवता येत नाहीत.

डान यांचा जन्म 1977 मध्ये व्हिएतनाममध्ये झाला आणि लहानपणीच ते कुटुंबासह अमेरिकेत आले. हिरवळीवर पडून राहिलेल्या पाण्याच्या नळीखाली गवताचा रंग बदललेला पाहून त्यांना ही कल्पना सुचली. त्यांच्या चित्रांचा विषय व्हिएतनाम युद्ध हा आहे: सैनिक, निर्वासित, शेतातली माणसे, वृत्तपत्रांतून जगभर पोचलेली दृश्ये. 27 जून 1969 च्या 'लाइफ' साप्ताहिकाने एका आठवड्यात मारल्या गेलेल्या 242 अमेरिकन सैनिकांपैकी बहुतेकांचे चेहरे छापले होते; त्या अंकावर आधारित एक मालिकाही डान यांनी केली. कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत तुओल स्लेंग येथील तुरुंगात आणलेल्या प्रत्येक कैद्याचे छायाचित्र काढले जाई, आणि त्यांतील बहुतेकांना ठार मारण्यात आले. ते चेहरेही त्यांनी पानांवर उमटवले आहेत. मेलेल्या माणसांचे अंश त्या भूमीतल्या मातीत मिसळतात व मातीतून झाडांत येतात, ही त्यांची भूमिका आहे. यात आणखी एक संदर्भ लक्षात घेण्याजोगा आहे. 1962 ते 1971 या काळात अमेरिकी विमानांनी व्हिएतनामच्या जंगलांवर पानगळ घडवणारी विषारी द्रव्ये फवारली. त्या युद्धात झाडाचे पान हेच लक्ष्य होते. म्हणून पानावर उमटलेला सैनिकाचा चेहरा ही निव्वळ तांत्रिक करामत राहत नाही. या माध्यमात पुढे पुष्कळांनी फुले, पक्षी आणि आप्तांचे चेहरे छापले, पण साहित्य आणि विषय यांचा असा अटळ संबंध त्यांपैकी फारच थोड्यांना साधला आहे.

या सर्वांच्या आधी वनस्पतींच्या रसावर प्रयोग झाले होते. इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शल यांनी 1842 मध्ये फुलांच्या पाकळ्यांचा रस कागदावर लावून, तो उन्हात कसा विटतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पद्धतीला पुढे अँथोटाइप हे नाव रूढ झाले. मेरी सॉमरव्हिल यांनीही रोममध्ये राहून असे प्रयोग केले आणि त्यांनी हर्शल यांना 1845 मध्ये लिहिलेल्या पत्रातील भाग रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या उन्हात एका चित्राला कित्येक आठवडे लागत आणि चित्र पक्के करण्याचा उपाय सापडला नाही, त्यामुळे चांदीच्या क्षारांपुढे ही पद्धत मागे पडली.

आज अँथोटाइप करणाऱ्यांचे आवडते द्रव्य हळद हे आहे. हळदपूड स्पिरिटमध्ये भिजवून गाळलेला अर्क कागदावर लावून अंधारात वाळवला, की कडक उन्हात काही तासांतच चित्र उमटते, कारण हळदीतील पिवळे रंगद्रव्य प्रकाशाला फार लवकर बळी पडते. नंतर कागदावर टाकणखाराचे पाणी फिरवले, तर न विटलेला पिवळा भाग तांबूस-तपकिरी होतो आणि चित्र एकदम उठून दिसते. हळदीपासून कुंकू करताना होणारा रंगबदल याच रासायनिक क्रियेचा आहे. मार्च ते मे या महिन्यांतले महाराष्ट्रातले ऊन या कामाला उत्तम. पावसाळ्यात मात्र हात आखडता घ्यावा लागतो.

पानाच्या आत, रंगद्रव्याऐवजी पिष्टाचे (स्टार्चचे) चित्र घडवण्याची पद्धत ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी 1914 मध्ये वर्णन केली. अंधारात ठेवून पिष्टरहित केलेल्या पानावर निगेटिव्हमधून प्रकाश पाडला, की उजेड मिळालेल्या भागातच पिष्ट साठते. मग पान उकळून, अल्कोहोलमध्ये रंगहीन करून आयोडीनमध्ये बुडवल्यावर निळसर-काळे चित्र प्रकटते. शाळेत शिकवला जाणारा प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग येथे छायाचित्राच्या पातळीवर पोचतो. फळांवरील चित्रांचे उदाहरण पॅरिसजवळील माँत्रॉय येथील बागायतदारांचे आहे. ते सफरचंदे झाडावर असतानाच पिशव्यांत झाकून ठेवत आणि पिकण्याच्या सुमारास त्यांवर कागदी नक्षी चिकटवत. उघड्या सालीवर लाली चढे आणि नक्षीखालचा भाग फिकट राही.

पानावरील चित्र टिकवण्यासाठी दोन मार्ग वापरले जातात. डान आपली पाने पारदर्शक राळेत कायमची बंदिस्त करतात, त्यामुळे हवा व ओलावा लागत नाही आणि चित्राला एखाद्या जीवाश्माच्या नमुन्यासारखे घनरूप येते. दुसरा मार्ग मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा) आहे. द्राक्षबागायतदारांना बोर्डो मिश्रणामुळे परिचित असलेल्या मोरचुदाच्या सौम्य द्रावणात पान बुडवल्यास हरितद्रव्याच्या रेणूतील मॅग्नेशियमची जागा तांबे घेते, आणि तांबेयुक्त हरितद्रव्य उन्हाला सहजासहजी दाद देत नाही. द्रावण विषारी असल्याने हातमोजे घालणे आणि ते नाल्यात किंवा झाडांच्या मुळाशी न ओतणे आवश्यक असते. अँथोटाइपला मात्र अजूनही असा कोणताही खात्रीचा उपाय नाही. तो काळ्या कागदात गुंडाळून अल्बममध्ये ठेवतात, पाहण्यापुरता बाहेर काढतात, आणि प्रदर्शनात लावायचा असेल, तर बहुतेक कलावंत मूळ कागदाऐवजी त्याची डिजिटल प्रत भिंतीवर लावणे पसंत करतात.